विमानातून दिसलेले विज्ञान

आपल्या चळवळीला विज्ञानाचे वावडे कधीच नव्हते. पोथीत आहे म्हणून मानू नका, वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा बुद्धाने कालामांना केलेला उपदेश आपल्या विहारांतून आणि शिबिरांतून वर्षानुवर्षे सांगितला जातो. भानामती, अंगात येणे, नवससायास यांच्याविरुद्ध बोलताना आपण विज्ञानाचाच दाखला देतो आणि ते योग्यच आहे. पण यात एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. प्रयोगशाळेतले विज्ञान आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. बाकीच्यांपर्यंत पोचते ती विज्ञानाची बातमी. ही बातमी कोणीतरी लिहिलेली असते. लिहिणारा कुठेतरी उभा राहून लिहीत असतो आणि तिथवर जाण्यासाठी कोणीतरी त्याला दार उघडून दिलेले असते. दार उघडणाऱ्याचे हितसंबंध त्या बातमीत किती उतरतात, हा प्रश्न पोथीप्रामाण्याच्या प्रश्नाइतकाच मूलभूत आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न हवेत चर्चिण्यापेक्षा एका माणसाच्या कारकिर्दीतून तपासावा, म्हणून न्यूयॉर्क टाइम्सचा विज्ञान-वार्ताहर विल्यम लिओनार्ड लॉरेन्स याची निवड केली आहे. अणुबॉम्बची पहिली सविस्तर हकिगत जगाला सांगणारा हा माणूस. त्याला दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळाले. 'अणुयुग' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेयही बऱ्याच अंशी त्याच्याकडे जाते.

लॉरेन्सचा जन्म १८८८ चा, लिथुआनियातल्या सालांताय या लहान गावातला. लिथुआनिया तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता, आणि हा मुलगा ज्यू. झारच्या राज्यात ज्यूंनी कोणत्या मुलखात राहावे, त्यांची किती मुले वरच्या शाळेत घ्यावीत, यावर कायद्याची बंधने होती. गावकूस म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावे लागत नाही, अशा वाचकांपुढे या बंधनांचा अर्थ उलगडत बसण्याची गरज नाही. १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमीत हा तरुण देशाबाहेर पडला आणि अमेरिकेत पोचला. तिथे त्याने लाइब वोल्फ सिऊ हे मूळ नाव टाकले. विल्यम घेतले शेक्सपिअरवरून, लिओनार्ड घेतले लिओनार्दो दा विंचीवरून, आणि लॉरेन्स घेतले आपण राहत होतो त्या रस्त्याच्या नावावरून. नाव बदलून घर मिळवणे, नोकरी टिकवणे हे आपल्याकडेही कोणाला नवे वाटू नये. त्यामुळे या नामांतराला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हार्वर्डमध्ये शिक्षण, पहिल्या महायुद्धात सैनिकी, मग कायद्याचा अभ्यास, अशी वळणे घेत तो १९२६ मध्ये न्यूयॉर्क वर्ल्ड या पत्रात शिरला आणि १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला. केवळ विज्ञानावर लिहिणारा वार्ताहर ही त्या काळी नवलाईच होती. १९३४ मध्ये अशा मोजक्या वार्ताहरांनी मिळून विज्ञान-लेखकांची राष्ट्रीय संघटना काढली, त्यात लॉरेन्स होता. हार्वर्डच्या त्रिशताब्दीच्या वेळी झालेल्या वैज्ञानिकांच्या परिषदेच्या वृत्तांताबद्दल १९३७ चे पुलित्झर पारितोषिक पाच विज्ञान-वार्ताहरांत विभागून दिले गेले, त्यांतही तो होता.

त्याचे खरे मोठे काम यानंतरचे आहे, आणि ते झाकून ठेवून त्याच्यावर टीका करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. युरेनियमचा अणू फुटतो हा शोध १९३८ च्या अखेरीस जर्मनीत लागला. नैसर्गिक युरेनियमच्या दर हजार अणूंत सुमारे सातच अणू २३५ वजनाचे असतात. मंद गतीच्या न्यूट्रॉननेही हे अणू सहज फुटतात, फुटताना नवे न्यूट्रॉन बाहेर टाकतात, आणि त्या न्यूट्रॉनांनी पुढचे अणू फुटतात. हे सात अणू बाकीच्यांतून वेगळे काढता आले तर प्रचंड शक्ती हाती येईल, आणि हिटलरचा जर्मनी त्याच मागे लागला आहे, ही बातमी लॉरेन्सने ५ मे १९४० रोजी टाइम्सच्या पहिल्या पानावर दिली. सप्टेंबर १९४० मध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात त्याने याच विषयावर आणखी विस्ताराने लिहिले. हे त्याला कोणी सरकारी गाडीत बसवून दाखवले नव्हते. वैज्ञानिकांची नियतकालिके वाचून, त्यांच्या बैठकांना बसून, त्यांना प्रश्न विचारून त्याने ते मिळवले होते. पुढे १९४३ मध्ये सरकारने ग्रंथालयांना साप्ताहिकाचा तो अंक कपाटातून काढून ठेवायला सांगितले. एखाद्या विज्ञान-वार्ताहराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळायचे?

प्रशस्तिपत्र मात्र निराळ्या रूपात आले. १९४५ च्या वसंतात अणुबॉम्ब प्रकल्पाचा प्रमुख, जनरल लेस्ली ग्रोव्हज, स्वतः टाइम्सच्या कचेरीत आला आणि त्याने लॉरेन्सला मागून घेतले. पगार टाइम्सचा चालू राहील, खर्च प्रकल्प करील, लिहिलेला प्रत्येक शब्द सैन्याच्या ताब्यात राहील, अशी व्यवस्था ठरली. लॉरेन्सला ओक रिज, हॅनफर्ड, लॉस अलामॉस ही गुप्त शहरे दाखवली गेली. दुसऱ्या कोणत्याही वार्ताहराला न मिळालेले हे दर्शन. सरकारची प्रसिद्धिपत्रके लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनाचा एक मसुदाही त्याने केला होता, पण तो फार भडक म्हणून बाजूला ठेवण्यात आला. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ट्रिनिटी नावाची पहिली चाचणी झाली, त्या वेळी तो हजर होता. स्फोटाचा आवाज आणि उजेड लपणार नव्हता. म्हणून दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली अशी खोटी बातमी देण्याची तयारी आधीच झाली होती, आणि चाचणीत माणसे दगावली तर काय छापायचे याचेही मसुदे लॉरेन्सने लिहून ठेवले होते. बातमीदाराने घटनेच्या आधी बातमी लिहून ठेवण्याचे इतके भयंकर उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

त्याला जी शहरे दाखवली गेली त्यांपैकी ओक रिज हे टेनेसी राज्यातले. तिथे राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना लाकडी खोपटांच्या वेगळ्या वस्तीत ठेवले जाई. नवराबायकोंनाही एकत्र राहू देत नसत, आणि मुलांना आणता येत नसे. त्याच मजुरांत एब केड नावाचा सिमेंटकाम करणारा एक कृष्णवर्णीय कामगार होता. मोटार अपघातात हाडे मोडून तो प्रकल्पाच्या दवाखान्यात आला. १० एप्रिल १९४५ रोजी, त्याला काहीही न सांगता, त्याची संमती न घेता, त्याच्या शरीरात प्लुटोनियम टोचण्यात आले. प्लुटोनियम शरीरात किती टिकते आणि कुठे साठते हे डॉक्टरांना पाहायचे होते. अशा प्रयोगाला वापरलेला तो पहिला माणूस. कागदोपत्री त्याचे नाव एच. पी. १२. लॉरेन्स प्रकल्पात आला तो याच सुमारास. एब केडविषयी त्याला ठाऊक होते असे मी म्हणत नाही. दार उघडणारा माणूस प्रत्येक दार उघडत नसतो, एवढेच म्हणायचे आहे.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब टाकायला विमाने निघाली, तेव्हा मोजमापांची उपकरणे घेऊन सोबत जाणाऱ्या विमानात लॉरेन्स बसला होता. खरे तर ती विमाने कोकुरा या शहरावर निघाली होती. तिथे खाली काही दिसेना, म्हणून ती नागासाकीकडे वळली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत नागासाकीत अंदाजे ७०,००० माणसे मेली. लॉरेन्सचा वृत्तांत महिनाभराने छापून आला. तो आजही वाचावा. त्यात बॉम्बच्या घडणीच्या सौंदर्याचे वर्णन आहे. आकाशात चढणारा ढग एखाद्या नव्याने जन्मलेल्या जिवंत प्राण्यासारखा दिसल्याचे वर्णन आहे. खाली मरणाऱ्यांबद्दल दया वाटते का, असा प्रश्नही तो स्वतःला विचारतो, आणि पर्ल हार्बर व बतान आठवले की वाटत नाही, असे उत्तर देतो. हजारो फूट उंचीवरून ढग दिसतो, माणूस दिसत नाही. लॉरेन्सने पाहिले ते खरेच लिहिले असेल. पण तो होता कुठे, हे विसरून तो वृत्तांत वाचता येत नाही.

इथपर्यंत त्याचा बचाव करता येतो. युद्ध चालू होते आणि आपल्या देशाची बाजू घेणे त्याला कर्तव्य वाटले असेल. खरी कसोटी आली ती युद्ध संपल्यावर.

ऑस्ट्रेलियन वार्ताहर विल्फ्रेड बर्चेट सैन्याच्या परवानगीची वाट न पाहता टोकियोहून आगगाडीने एकटाच हिरोशिमाला गेला. ५ सप्टेंबर १९४५ रोजी लंडनच्या डेली एक्सप्रेसमध्ये त्याचा वृत्तांत आला. स्फोटात ज्यांना खरचटलेही नव्हते अशी माणसे आता मरत आहेत, त्यांचे केस गळतात, नाकातोंडातून रक्त येते, असे त्याने इस्पितळात पाहून लिहिले. जॉर्ज वेलर हा अमेरिकन वार्ताहर असाच नागासाकीत पोचला, पण त्याची पत्रे मॅकआर्थरच्या सेन्सॉरने अडवली. ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली २००६ मध्ये.

बर्चेटच्या बातमीने ग्रोव्हजची पंचाईत झाली. त्याने ९ सप्टेंबरला वार्ताहरांचा एक जथा ट्रिनिटीच्या जागेवर नेला. 'या आणि पाहा' असे बुद्धाने धम्माविषयी म्हटले होते, जनरलसाहेबांनीही तेच म्हटले. फक्त काय पाहायचे ते त्यांनी ठरवले. जमिनीवर उपकरणे लावून किरणोत्सर्ग किती कमी उरला आहे हे दाखवण्यात आले. १२ सप्टेंबरच्या टाइम्समध्ये पहिल्या पानावर लॉरेन्सची बातमी आली. किरणोत्सर्गाने माणसे मरतात हा जपान्यांचा अपप्रचार आहे आणि न्यू मेक्सिकोच्या जागेने तो खोटा पाडला आहे, असा तिचा आशय होता. गंमत अशी की त्या भेटीत पाहुण्यांच्या बुटांवर कॅनव्हासची पांढरी आवरणे चढवलेली होती. किरणोत्सारी धूळ तळव्यांना चिकटून बाहेर जाऊ नये म्हणून! ग्रोव्हज आणि ओपनहायमर यांचे तशी पांढरी आवरणे घातलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे.

या बातमीतली लबाडी नेमकी कशात आहे ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. बॉम्ब फुटतो त्या क्षणी गॅमा किरण आणि न्यूट्रॉन यांचा प्रचंड लोट बाहेर पडतो. त्या वेळी जवळ असलेल्या माणसाच्या हाडांतला रक्त तयार करणारा मगज त्याने उद्ध्वस्त होतो. जखम दिसत नाही, पण काही दिवसांनी पांढऱ्या पेशी संपतात, जंतू आत शिरतात, रक्त थांबत नाही. स्फोटानंतर जमिनीत किती किरणोत्सर्ग उरला, हा अगदी वेगळा प्रश्न आहे. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब जमिनीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर फुटले, त्यामुळे जमिनीत उरलेला किरणोत्सर्ग तुलनेने कमी होता. तेव्हा 'आज इथे काटा फारसा हलत नाही' या विधानावरून 'त्या दिवशी कोणी किरणांनी मेले नाही' असा निष्कर्ष निघतच नाही. आणि हा काटाही वाळवंटात, दुसऱ्याच स्फोटाच्या जागी लावलेला. ही चूक नवशिक्याच्या हातून झाली असती तर अज्ञान म्हणता आले असते. लॉरेन्स नवशिका नव्हता. आणखी एक गोष्ट. २१ ऑगस्टला लॉस अलामॉसमध्ये हॅरी डॅघलियन या तरुण वैज्ञानिकाच्या हातून प्लुटोनियमच्या गोळ्याशी अपघात झाला होता. लॉरेन्सची बातमी छापून आली तेव्हा तो किरणोत्सर्गाने मरणपंथाला लागलेला होता. तिसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबरला, तो गेला. नोव्हेंबरमध्ये ग्रोव्हजने सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की डॉक्टरांच्या मते हे मरण फार सुखाचे असते. १९४६ मध्ये नागासाकीचा वृत्तांत आणि अणुबॉम्बवरची लेखमाला यांबद्दल लॉरेन्सला दुसरे पुलित्झर मिळाले.

आता त्याच महिन्यांतल्या दुसऱ्या एका वार्ताहराकडे वळू. चार्ल्स लोब हा १९०५ मध्ये लुइझियाना राज्यात जन्मलेला कृष्णवर्णीय पत्रकार. वैद्यकाकडे जायचे म्हणून हॉवर्ड विद्यापीठात तो काही काळ शिकला होता, पण पुढे आयुष्य गेले क्लीव्हलंडच्या कॉल अँड पोस्ट या कृष्णवर्णीयांच्या पत्रात. युद्धकाळात नॅशनल निग्रो पब्लिशर्स असोसिएशनने त्याला पॅसिफिक आघाडीवर पाठवले होते. ५ ऑक्टोबर १९४५ रोजी अटलांटा डेली वर्ल्डमध्ये बॉम्बग्रस्त प्रदेशाविषयी त्याचा लेख आला. प्रकल्पाच्याच वैद्यकीय पथकाचा प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन याच्या पाहणीचा आधार घेऊन, किरणोत्सर्गाने माणसे आजारी पडली आणि मेली, हे लोबने शांतपणे, कसलाही आव न आणता मांडले. म्हणजे माहिती सैन्याकडे होती. वैद्यकाचे जेमतेम शिक्षण असलेला एक कृष्णवर्णीय वार्ताहर ती समजू शकला आणि छापू शकला. देशातल्या सर्वांत मोठ्या पत्राचा, विज्ञानाचे पारितोषिक मिळालेला वार्ताहर नेमके उलटे लिहीत होता.

हे लोबला का साधले? तो लॉरेन्सपेक्षा जात्याच प्रामाणिक होता असे उत्तर मला पुरत नाही. लोबच्या वाचकांना सरकारी निवेदनावर विश्वास ठेवण्याची सवय नव्हती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपली बाजू आपणच मांडली पाहिजे, दुसऱ्यांनी ती फार काळ मांडली, या भूमिकेतून १८२७ मध्ये न्यूयॉर्कला फ्रीडम्स जर्नल हे कृष्णवर्णीयांचे पहिले पत्र निघाले. १९२० मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो याहून वेगळ्या गरजेपोटी नव्हे. अशा पत्राचा वाचक बातमी वाचतानाच विचारतो, हे कोण सांगतोय? ऑगस्ट १९४५ मध्ये लँग्स्टन ह्यूजने आपल्या सदरातल्या सिंपल या पात्राच्या तोंडून प्रश्न टाकला होता, की जर्मनीतले युद्ध संपेपर्यंत थांबून बॉम्ब रंगीत माणसांवरच का वापरला? (बॉम्ब तयार होण्याआधी, मे १९४५ मध्येच जर्मनी शरण आला होता, हे खरे आहे. तरीही हा प्रश्न हार्लेममध्ये सुचतो आणि टाइम्सच्या कचेरीत सुचत नाही, यात काहीतरी आहे.) लोबने पुढे १९४७ मध्ये फ्यूचर आउटलुक लीग या संघटनेचा इतिहास लिहिला. जिथे आपल्याला नोकरी देत नाहीत तिथे आपला पैसा खर्च करायचा नाही, अशी क्लीव्हलंडच्या कृष्णवर्णीयांची चळवळ तिने चालवली होती. किरणोत्सर्ग आणि दुकानावरचा बहिष्कार हे विषय त्याने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले नव्हते.

लॉरेन्सची कारकीर्द पुढेही बहरत राहिली. सहकारी त्याला 'अ‍ॅटॉमिक बिल' म्हणत. १९५६ ते १९६४ तो टाइम्सचा विज्ञान-संपादक होता. १९७७ मध्ये तो वारला. त्याचे पारितोषिक काढून घ्यावे अशी मागणी २००४ मध्ये एमी गुडमन आणि डेव्हिड गुडमन यांनी केली, पण ते काढून घेतले गेले नाही. मला व्यक्तिशः त्या मागणीत फारसे स्वारस्य नाही. तो विकला गेला होता असेही मला वाटत नाही, आणि हीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. ज्याला जन्मभूमीने वेशीबाहेर ठेवले, त्याला एका महासत्तेने आपल्या गाभाऱ्यात बोलावले. त्या बोलावण्याने तो भारावला. गाभाऱ्यात शिरलेल्याला गाभाऱ्याविरुद्ध लिहिणे जड जाते. शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिला, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्याला बोलून दाखवली. तिचा रोख फक्त स्वार्थी माणसांवर होता असे समजून आपण सोयीस्कर सुटका करून घेतो.

मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या सांडपाण्याची पाहणी करणाऱ्या समितीवर मला घेतले गेले. न्यायला मोटार आली. शुद्धीकरणाच्या टाक्या दाखवल्या, आकडे दाखवले, काचेच्या नळीतले स्वच्छ पाणी दाखवले. मी सही केली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, नाल्याच्या खालच्या अंगाला गेला होता का? आमची वस्ती तिकडं आहे." गेलो नव्हतो. कोणी नेले नाही, आणि मलाही सुचले नाही. लॉरेन्सवर लिहिताना त्या मुलाचा प्रश्न माझ्या समोर होता.

एब केडसारख्या अठरा रुग्णांना प्लुटोनियम टोचले गेले होते. १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्याच आल्बुकर्की ट्रिब्यून या लहान पत्रात आयलीन वेल्सम या महिला वार्ताहराने त्यांच्यापैकी काहींची नावे, घरे, नातेवाईक शोधून काढून लेखमाला लिहिली. नुसते क्रमांक उरलेली माणसे पुन्हा माणसे झाली. १९९४ चे पुलित्झर तिला मिळाले. लोबचा लेख मात्र जुन्या अंकांतच पडून राहिला. २०२१ मध्ये त्याची दखल घेतली ती न्यूयॉर्क टाइम्सने. तोवर लोबला जाऊन ४३ वर्षे झाली होती.

आणि ट्रिनिटीची ती जागा, जिच्या भूमीने जपान्यांना खोटे पाडले म्हणून लॉरेन्सने लिहिले होते? तिच्या आसपास शेतीवाडी करणारी, टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी पिणारी, बहुतांशी स्पॅनिश भाषक आणि आदिवासी माणसे राहत होती. त्यांना चाचणीआधी सावध केले गेले नाही आणि चाचणीनंतर हलवले गेले नाही. किरणोत्सर्गाने बाधित झालेल्यांना भरपाई देणारा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला. नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली राहणारे त्यात आले, ट्रिनिटीच्या वाऱ्याखालचे आले नाहीत. २००५ मध्ये टीना कॉर्डोवा आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना काढली आणि कोणाच्या घरात कर्करोगाने किती गेले याची माहिती घरोघर जाऊन स्वतःच गोळा करायला सुरुवात केली. न्यू मेक्सिकोच्या या लोकांचा त्या कायद्यात समावेश झाला जुलै २०२५ मध्ये, चाचणीला ८० वर्षे पूर्ण व्हायला बारा दिवस उरले असताना.